आधी झळ मोजा: मुंबईत आपत्तीबाधितांची आरोग्य नोंदवही कशी उभारावी

आजार पाच वर्षांनी मोजता येतो, दहा वर्षांनीही मोजता येतो. फुफ्फुसांची ताकद, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), उडालेली झोप, यासाठी यंत्र आणि प्रश्नावली कधीही हाती येते. पण गल्लीत पाणी कमरेइतके होते की छातीइतके, ते किती तास टिकले, त्यातून चालताना कोणाच्या पायाला जखम होती, हे पहिल्या काही आठवड्यांत टिपले नाही तर कायमचे जाते. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या उत्तरात शेजाऱ्याची आठवण, टीव्हीवरची दृश्ये आणि पंचनाम्यातला मजकूर मिसळलेला असतो. सरकारी निधीवर चालणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासांचे दुखणे बहुधा इथेच सुरू होते. निधी मंजूर होईपर्यंत झळ, म्हणजे संशोधक ज्याला एक्स्पोजर म्हणतात ती, पुसून गेलेली असते.

पुढची पद्धत वैद्यकीय महाविद्यालयाचा पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभाग, पालिकेचे आरोग्य केंद्र आणि वस्तीतली एखादी संस्था यांनी मिळून काम करायचे, असे धरून लिहिली आहे. मुख्य उदाहरण पुराचे आहे. आग किंवा वायुगळती असेल तर काय बदलायचे, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

झळ माणसागणिक नोंदवा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिमीच्या आसपास. तेव्हा ‘मुंबईत राहत होता’ या नोंदीला काही अर्थ उरत नाही. ‘कुर्ल्यात राहत होता’ यालाही फारसा नाही, कारण मिठी नदीच्या काठच्या एकाच वस्तीत खालच्या गल्लीत माणूस बुडेल इतके पाणी आणि वरच्या गल्लीत घोट्याइतके, असे होते.

भोपाळमध्ये १९८४ च्या वायुगळतीनंतर आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) सुमारे ८० हजार बाधित आणि सुमारे १६ हजार तुलनेच्या लोकांचा गट बांधला. वस्त्या तीव्र, मध्यम आणि सौम्य अशा वाटल्या, त्या तिथल्या मृत्यूंच्या प्रमाणावरून. त्या परिस्थितीत हे मोठेच काम होते. पण दार लावून तोंडावर ओला कपडा धरलेली बाई आणि रस्त्यावर जीव घेऊन धावत सुटलेला माणूस एकाच रकान्यात पडले. धावणाऱ्याने कितीतरी जास्त वायू ओढला असणार. हिरोशिमा-नागासाकीच्या अभ्यासात १९५० च्या जनगणनेवरून सुमारे १ लाख २० हजार जणांचा गट ठरला. त्यातल्या बाधितांपैकी अनेकांना स्फोटाच्या क्षणी नेमके कुठे होता, आडोसा कशाचा होता, हे विचारून किरणोत्साराची मात्रा काढली गेली. ल्युकेमिया काही वर्षांतच वाढलेला दिसला, इतर कर्करोग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दशके उलटल्यावरही तो अभ्यास उत्तरे देतो, कारण त्यात माणसागणिक मात्रा आहे.

पुरासाठी एका माणसामागे किमान इतके टिपा. पाण्याची उंची घोटा, गुडघा, कंबर, छाती किंवा त्याहून वर अशी शरीरावर दाखवायला सांगून घ्या. फूट विचारले की लोक अंदाज ठोकतात. मुलांच्या बाबतीत वय आणि उंचीही लिहा, कारण मोठ्यांच्या गुडघ्याइतके पाणी म्हणजे मुलाची कंबर. पाण्यात घालवलेले तास, गटाराचे पाणी मिसळले होते का, तेलाचा तवंग होता का, उघडी जखम, पायात काय होते, पाणी पोटात गेले का, पुढच्या सात दिवसांत प्यायचे पाणी कुठून आणले, ओल्या घरात किती रात्री झोपले, गाळ कोणी उपसला. शेवटचा प्रश्न विसरला जातो आणि तो फार मोलाचा आहे. पूर ओसरल्यावर घर धुणारी बाई आणि नाला उपसणारा सफाई कामगार यांचा संपर्क कित्येकदा पाण्यात अडकलेल्यापेक्षा जास्त असतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध घेतले का, किती आणि कधी, हेही लिहा. नाहीतर लेप्टोचे प्रमाण कमी का दिसते, याचा पुढे उलगडा होणार नाही. घरात मृत्यू, बेपत्ता व्यक्ती, गेलेला धंदा या नोंदी मानसिक आरोग्यासाठी पाण्याच्या उंचीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तोंडी उत्तराला भिंतीची साक्ष जोडा. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते, लोक घर रंगवेपर्यंतच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गल्लीत तीन जागी त्या रेघेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि फोटो काढा. फोटोत चेहरे नकोत.

धुराचे काम वेगळे आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले, तेव्हा जवळ राहणारा प्रत्येक जण सारखा धूर घेत नव्हता. वारा कोणत्या दिशेला, घर कोणत्या मजल्यावर, खिडक्या बंद होत्या का, दिवसातले किती तास बाहेर, यावर सगळे ठरते. नुसते आगीपासूनचे अंतर मोजून थांबू नका. हवामापन केंद्रांचे तासागणिक आकडे आणि वाऱ्याची नोंद त्याच आठवड्यात उतरवून ठेवा.

घटना घडायच्या आधी

नीतिसमितीची मंजुरी घटनेनंतर मागितली तर पहिला महिना गेलाच म्हणून समजा. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीकाळातल्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि आधी तयारी करून ठेवण्याचा विचार त्यात आहे. त्याचा उपयोग करा. पूर, आग आणि रसायनगळती अशा तीन प्रसंगांसाठी एक मूळ आराखडा मेमध्ये समितीपुढे ठेवा. घटना घडली की ठिकाण, तारीख आणि नमुन्याचा आकार भरून फक्त दुरुस्ती पाठवा. सात ते अठरा वयोगटातल्या मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मुलाची अनुमतीही लागते. त्याचा मजकूर आधीच मराठी, हिंदी आणि उर्दूत तयार हवा. परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा आला तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी मंजुरी लागते. पहिल्या टप्प्यात ते जोडकाम घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

दुसरी तयारी घरांच्या यादीची. झोपडपट्टीत एका दारावर तीन-तीन नंबर असतात: सर्वेक्षणाचा, वीजमीटरचा, पल्स पोलिओच्या खडूचा. आरोग्य केंद्राकडे पल्स पोलिओचे गल्लीनिहाय सूक्ष्म नियोजन असते. वस्तीचा इतका कामाचा नकाशा दुसरा मिळत नाही. त्यावर आपली घरे बसवा आणि खूण म्हणून वीजग्राहक क्रमांक घ्या. एका मीटरवर चार बिऱ्हाडे असतील तर पुढे क, ख, ग, घ लावा. पोटमाळ्यावर राहणारे भाडेकरू मालक सांगत नाही, तेव्हा ‘वर कोण राहते’ असे वेगळे विचारा. पत्र्यांच्या दाटीत मोबाइलचे जीपीएस सहज दहा-वीस मीटर चुकते, म्हणजे दोन गल्ल्या. एकट्या त्यावर विसंबू नका.

घरांच्या यादीत न सापडणारेही बाधित असतात. २००५ ला लोकलमधून उतरून रात्रभर पाण्यातून चालत गेलेली हजारो माणसे राहायला कल्याणला, वसईला होती. अग्निशमन दल, सफाई कामगार, होमगार्ड, बेस्टचे कर्मचारी यांच्यासाठी हजेरीपटावरून वेगळी यादी करा. त्यांच्याबाबत आणखी एक फायदा आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाकडे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधीच्या श्वसनचाचण्या होत्या. म्हणून पुढच्या वर्षात एफईव्ही-१ (जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) सरासरी ३७२ मिलिलिटरने घसरला, म्हणजे वयाने सुमारे बारा वर्षांत होणाऱ्या घसरणीइतका, हे ठामपणे सांगता आले. त्याच शहराच्या सर्वसाधारण नोंदवहीत ७१ हजारांहून अधिक लोक आले, पण नावनोंदणी २००३ मध्ये सुरू झाली आणि इमारती कोसळून उठलेल्या धुळीच्या ढगाबद्दल दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागली. तुमच्याकडे आधीचे काय आहे ते शोधा: नोकरीतल्या आरोग्य तपासण्या, शाळेतल्या तपासणीच्या नोंदी, गरोदरपणाची कार्डे, दवाखान्यातली रक्तदाब-मधुमेहाची वही.

किती माणसे लागतील

मानूया, जुनाट खोकल्याचे प्रमाण झळ न बसलेल्यांत ८ टक्के आणि बसलेल्यांत १२ टक्के असेल अशी अपेक्षा आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ८७८ माणसे लागतात. एका गल्लीतली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यासाठी संख्या वाढवण्याचा गुणक, १.५ धरा: १,३१७. चौथा हिस्सा गळेल, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत सापडणार नाही, असे धरून ०.७५ ने भागा: १,७५६. दोन्ही गट मिळून साडेतीन हजार. मुंबईत गळती चौथ्या हिश्शापेक्षा कमी धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

तुलनेचा गट कुलाब्याच्या इमारतींतून घेऊ नका. उत्पन्न, चुलीचा धूर, तंबाखू, कामाची धूळ सगळेच वेगळे. त्याच वॉर्डातली, त्याच प्रकारच्या घरांची, पाणी न शिरलेली वस्ती घ्या. शिवाय बाधित वस्तीतल्याच वरच्या गल्ल्या घ्या. घोटा, गुडघा, कंबर, छाती या क्रमाने आजार वाढत जाताना दिसला तर तो पुरावा दोन गटांच्या साध्या फरकापेक्षा भक्कम असतो.

दारात उभे राहिल्यावर

पुरानंतर तलाठी आणि तहसील कार्यालयाची माणसे पंचनामे करत फिरतात. तुमच्या हातात अर्ज दिसला की लोकांना वाटते, हाही मदतीचाच. मग पाणी दोन फुटांनी चढते, आजार तीन वाढतात. यात लोकांची चूक नाही. ज्याचे घर वाहून गेले तो दुसरे काय करेल? त्यामुळे पंचनाम्याच्या दिवशी त्या गल्लीत जाऊ नका, तशा रंगाची जॅकेटे घालू नका आणि पहिलेच वाक्य हे ठेवा: ‘या माहितीवरून पैसे मिळणार नाहीत आणि कापलेही जाणार नाहीत.’ संमतीपत्रात ते ठळक छापा. पण रिकाम्या हातानेही जाऊ नका. रक्तदाब-साखरेचा आकडा लिहिलेले कार्ड आणि पालिकेच्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच दिवशी द्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी कळवलेले असावे, नाहीतर चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस परत पाठवला जातो आणि पुढच्या फेरीला ते दार उघडत नाही.

नळाला पाणी येण्याच्या वेळी दार ठोठावू नका. पुरुष संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी भेटतात. नवऱ्याच्या वतीने बायकोने दिलेले उत्तर वेगळ्या खुणेने नोंदवा.

शब्द जपून निवडा. ‘तुम्हाला श्वसनाचा त्रास आहे का?’ याला ‘नाही’ येते. ‘दोन मजले चढल्यावर धाप लागते का, मध्ये थांबावे लागते का?’ याला खरे उत्तर येते. ‘नैराश्य’ कोणी म्हणत नाही. ‘टेन्शन’, ‘डोक्यात विचार फिरतात’, ‘पावसाचा आवाज आला की धडधडते’ असे म्हणतात. प्रमाणित प्रश्नावलीचे मात्र तपासलेले मराठी किंवा हिंदी रूपच वापरा आणि स्वतःच्या शब्दांतले प्रश्न वेगळ्या भागात ठेवा. पीसीएल-५ (आघातानंतरच्या मानसिक त्रासाची, म्हणजे पीटीएसडीची प्रश्नावली) पहिल्या महिन्यात घेऊ नका, कारण त्या काळातली भीती, झोपमोड स्वाभाविक असते आणि पीटीएसडीचे निदान महिना उलटल्यावरच करता येते. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाला, जीव देण्याच्या विचाराबद्दल, ‘हो’ आले तर मुलाखत तिथेच थांबवा. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचार विभागात पोचवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही द्या. या कामासाठी गाडीभाड्याची तरतूद अंदाजपत्रकात हवी.

चाचण्यांत काय बिघडते

स्पायरोमीटर (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजणारे यंत्र) रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासा. फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. पावसाळ्यात सेन्सरवर ओल बसते आणि फरक दुपारपर्यंत वाढतो, म्हणून जेवणानंतर पुन्हा तपासा. तीन योग्य फुंकरा, त्यातल्या सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, आणि आठ प्रयत्नांनंतर थांबा. मग सालब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरने द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. प्रत्येकाला नवा फिल्टर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याची आधी थुंकी तपासा, क्षयरोग नाही हे कळल्यावरच फुंकर घ्या. गोवंडी-मानखुर्दसारख्या दाट वस्तीत हा नियम मोडला तर तंत्रज्ञाला आणि रांगेतल्या लोकांना धोका असतो.

रक्ताचा सीरम वेगळा करून ०.५ मिलिलिटरच्या चार-पाच कुप्यांत भरा. एकाच मोठ्या कुपीत ठेवला तर दर चाचणीला सगळा वितळवावा लागतो आणि खराब होतो. उणे ८० अंशांचा फ्रीझर तळमजल्यावर ठेवू नका. पाणी शिरले की सुरक्षेसाठी वीजपुरवठा बंद करतात, म्हणजे ज्या दिवशी नमुने सर्वांत मोलाचे त्याच दिवशी फ्रीझर बंद. पहिला मजला किंवा त्यावर, जनरेटरच्या लाइनवर, तापमानाची सूचना दोघांच्या मोबाइलवर. गाळणकागदावरचे रक्ताचे ठिपके कोरड्या हवेत तीन-चार तासांत वाळतात. जुलैच्या मुंबईत ते रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवा, मग सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या पट्टीसह पिशवीत बंद करा. पट्टीचा रंग बदलला की जेल बदला. जेल पेनने लिहिलेली लेबले पहिल्याच पावसात जातात. टॅब्लेटवर माहिती भरायची ओडीके किंवा कोबो ही अ‍ॅप्स वापरली तरी प्रत्येक चमूकडे कागदी अर्ज आणि पेन्सिल असू द्या.

माणूस हरवू नये म्हणून

मुंबईत माणूस तीन वाटांनी हातचा जातो: पुनर्वसनात माहुल-मानखुर्दला हलतो, भाड्याची खोली बदलतो, किंवा गावी परततो. पहिल्याच भेटीत तीन वेगळ्या घरांचे फोन घ्या, त्यातला एक गावचा. गावाचे नाव, तालुका, वाडी, मुलांची शाळा, रेशन दुकान लिहा. प्रीपेड नंबर तीन महिने वापरला नाही तर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणून फोन लागला तरी नाव आणि जन्मवर्ष विचारूनच पुढचे बोला. आजाराची माहिती भलत्याच्या कानी पडली तर ती चूक भरून येत नाही.

दर सहा महिन्यांनी फोन, दर दोन वर्षांनी भेट. भेटीची फेरी दिवाळीनंतर सुरू करून होळीआधी संपवा. मेमध्ये अर्धी वस्ती गावी असते, गणपतीत कोकणातली माणसे सापडत नाहीत. शिवाय श्वसनाच्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा प्रत्येक फेरी त्याच महिन्यांत हवी. मृत्यूची खातरजमा वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या नोंदवहीतून करा. गावी झालेले मृत्यू तिथे मिळणार नाहीत, त्यासाठी गावचा फोन आणि घरच्यांकडून मृत्युकारणाची मुलाखत लागते. कर्करोगासाठी मुंबईत १९६३ पासून लोकसंख्याधारित नोंदणी आहे. पुढे तिच्याशी जुळवणी करायची तर त्याची परवानगी संमतीपत्रात पहिल्याच दिवशी घेतलेली हवी. नंतर साडेतीन हजार सह्या पुन्हा मिळत नाहीत.

पैसा आणि किल्ली

अनुदान साधारण तीन-चार वर्षांचे असते, आजार त्यानंतर येतो. म्हणून प्रस्ताव तुकड्यांत बांधा. पहिला तुकडा, झळ आणि पत्ते, महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून आणि निवासी डॉक्टरांच्या मनुष्यबळावर उभा करा. आयसीएमआरकडे दुसऱ्या तुकड्यासाठी जा. हाती नोंदवही असलेल्याचा प्रस्ताव वजनदार ठरतो. प्रस्तावात दोन-तीन मुख्य निष्पत्ती आधीच लिहून टाका. चाळीस लक्षणे तपासली तर त्यातली दोन निव्वळ योगायोगानेही ‘सार्थ’ निघतील.

अंदाजपत्रकात उपकरणांवर भर आणि क्षेत्रकार्यकर्त्यांवर काटकसर, ही सर्रास होणारी चूक आहे. वस्तीतली तीच बाई पाच वर्षे दारोदार गेली तर गळती कमी राहते. दर वर्षी नवा चमू आला तर लोक कंटाळून दार लावतात. तिचा पगार, रिचार्ज, प्रवास, रेनकोट यांना वेगळ्या ओळी द्या. पैसे कशावर खर्च झाले ते सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात ३१ मार्चनंतर लगेच जायला हवे. ते रखडले की पुढचा हप्ता रखडतो, पगार थांबतात आणि नेमकी ती बाई काम सोडते.

नावे-पत्ते आणि आरोग्याची माहिती दोन वेगळ्या फायलींत ठेवा. जोडणारी सूची तिसरीकडे, कुलूपबंद. तिची किल्ली प्रमुख संशोधकाकडे एकट्याकडे नको. प्राध्यापकांची बदली होते, निवृत्ती येते, आणि कपाटातल्या हार्ड डिस्कचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. विभागप्रमुख आणि महाविद्यालयाचा अभिलेख कक्ष यांच्याकडे प्रत्येकी एक प्रत, आणि दर वर्षी ३१ मार्चला दोघांच्या समोर ती उघडते का याची तपासणी, सही-तारखेसह.